भाऊजी, तुमचा एक आणि माझे नऊ

रविवार, सकाळचे दहा. देवळा, दादाजीभाऊंच्या मोजणी कार्यालयाची वरची खोली. पेटीतली शिल्लक जागा, शंभरात एक. हजर: दादाजीभाऊ, त्यांच्या पत्नी इंदूबाई, तुमची अनघा आणि मी. तुम्ही नव्हता, भाऊजी. तुमच्याशिवाय हजेरी मांडायची माझी ही पहिलीच वेळ.

पण मी रडगाणं लिहायला बसलेले नाही. ते घरात झालं, अजूनही होतं, आणि तुमचे दादा तर अजून तुमच्या खुर्चीवर कोणाला बसू देत नाहीत. मला तुम्हाला एक बातमी द्यायची आहे आणि ती पोटात राहत नाहीये. काल परत येताना भावडबारीचा घाट ओलांडेपर्यंत मी दोनदा फोन हातात घेऊन तुमचं नाव काढलं. अनघा गाडी चालवत होती. तिने बघितलं. म्हणून आता लिहिते: आपला वाद मिटला. कसा मिटला ते ऐकून तुम्ही टाळीच द्याल.

हे पत्र अनघा आपल्या गिऱ्हाइकांनाही पाठवणार आहे, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही थोडं सांगावं लागेल.

आपली पेटी म्हणजे कार्यालयाच्या कोपऱ्यात बसणारा, चार डिस्क पोटात घेतलेला डबा. सगळ्या संगणकांवरच्या फाइली त्यात जमा होतात. आत ठेवताना पेटी फाइल दाबून लहान करते आणि मागितली की जशीच्या तशी परत देते. हे मला तुम्ही पहिल्यांदा समजावलंत तेव्हा मी किराण्याची बिलं लावत होते. तुम्ही माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलंत. "एकाच दुकानाचं नाव खाली वीस वेळा लिहिता का? नाही. एकदा लिहिता आणि खाली दोन टिंबं देता. पेटी तेच करते, वहिनी." मी विचारलं, फोटोंचं काय. तुम्ही म्हणालात, फोटो कॅमेऱ्यातूनच दाबून येतो. पिळलेलं धुणं परत पिळलं तर पाणी निघत नाही, मनगटं दुखतात. तेव्हापासून मला पेटी कळली. तुम्ही प्रोग्रॅम लिहायचात, अनघा पडद्यावरची पानं करायची, हिशेब आणि फोन माझ्याकडे. नाशिक रोडच्या आपल्या घराच्या तळमजल्यावर एवढाच कारखाना.

वाद एका पानाचा. फाइली किती जोरात दाबायच्या ते ठरवण्याचं पान. जास्त दाबलं तर जागा वाचते पण वेळ लागतो, कमी दाबलं तर उलट. तुमचं म्हणणं, तिथे एकच ओळ हवी, "जागा वाचवा", आणि पुढे हो किंवा नाही. मनातून तुम्हाला तो "नाही"सुद्धा काढायचा होता. माझं म्हणणं, एकपासून नऊपर्यंत सगळे आकडे गिऱ्हाइकाला द्या. ज्याची पेटी त्याची. डिस्क त्याने विकत घेतली, वीज तो भरतो. त्याला जागा प्यारी आहे की वेळ, हे तुम्ही नाशिक रोडला बसून कसं ठरवणार?

तुम्ही हॉलमधल्या पंख्याकडे बोट दाखवलंत. विचारलंत, रेग्युलेटर शेवटचा कधी फिरवला. मला आठवेना. तो पाचावर होता आणि पाचावर आहे. तुम्ही म्हणालात, पाच खटक्यांचे पैसे दिले आणि आयुष्य एका खटक्यावर काढलं. मी म्हटलं, तरी पंखा माझा आहे, उद्या थंडी वाजली तर मी फिरवीन. मग तुम्ही स्वयंपाकघरात आलात. नेहमीसारखं दारात उभं राहून, लॅपटॉप एका हातावर ताटासारखा धरून.

"कुकरला किती बटणं आहेत, वहिनी?"

"एकही नाही. शिट्ट्या मी मोजते. भाताला दोन, हरभऱ्याला सहा."

"आणि हे कशावरून ठरवता?"

"आत काय आहे त्यावरून."

"मग पेटीलाच बघू द्या ना आत काय आहे ते."

मी तुम्हाला झारा दाखवला होता. उत्तर नव्हतं म्हणून दाखवला होता, हे तुम्हाला कळलं होतंच.

आकडेही तुमच्या बाजूचे होते. फोन मी घ्यायचे, त्यामुळे मलाच सगळ्यांत आधी कळलं की बहुतेक गिऱ्हाइकं त्या पानाकडे फिरकतच नाहीत आणि जी फिरकतात ती थेट नऊवर जातात. पाच कोणी निवडला नाही. सहा तर नाहीच. मी हे तुम्हाला प्रामाणिकपणे सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "वहिनी, आपण त्यांना मोकळीक दिली नाही, पेपर दिला. अभ्यासक्रम न सांगता." हे वाक्य मला लागलं. तरी मी हटले नाही, आणि शेवटी तुम्ही माझे नऊ आकडे पेटीत तसेच राहू दिलेत. तोंड वाकडं करून, पण राहू दिलेत.

यंदा नवी आवृत्ती काढायची ठरली तेव्हा तुम्ही ते पुन्हा उचकटलंत. एका संध्याकाळी खाली तासभर भांडलो. तुम्ही जिन्यात चपला घालता घालता म्हणालात, उद्या बोलू, माझ्याकडे एक नवा मुद्दा आहे. तो उद्या आला, भाऊजी. तुम्ही आला नाहीत. त्या मुद्द्याचं काय झालं याचा मी अजून विचार करते.

नंतर एक दिवस अनघाने मला खाली बोलावलं. दोन्ही पानं तयार होती, तुमचं एका ओळीचं आणि माझं नऊ आकड्यांचं. ती म्हणाली, ताई, तुम्ही सांगा, मी तेच पाठवते. गिऱ्हाइकं थांबली होती. मला सांगता येईना. तुमचं पान पाठवलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण तुम्ही गेलात म्हणून तुमचं ऐकायचं, म्हणजे तुमच्याशी बोलणंच बंद करायचं. जिवंतपणी मी तुम्हाला कधी फुकट जिंकू दिलं नाही. आणि माझं पान पाठवायचं, तर समोर उत्तर द्यायला कोणी नाही. रिकाम्या पटावर जिंकून काय करू?

एवढ्यात शनिवारी दादाजीभाऊंचा फोन आला.

दादाजीभाऊ ड्रोनने शेतं मोजतात. बांध, शेततळी, चढउतार. त्यांच्या प्रत्येक कामाच्या दोन बाजू असतात. एक, वरून काढलेले शेकडो फोटो. दुसरी, त्यांतून निघालेल्या बिंदूंच्या याद्या, म्हणजे नुसते आकडे, ओळीखाली ओळ, लाखो ओळी. ते फोनवर सांगत होते की पेटी काही घेईना झाली आहे, आणि एका शेताची दोन वर्षांपूर्वीची मोजणी पेटीत दिसत नाही. शेत दोन सख्ख्या भावांचं. बांध सरकला की नाही यावरून बोलणं बंद. दोघे सोमवारी सकाळी येणार, जुनी मोजणी आणि नवी मोजणी एकावर एक ठेवून बघायला. जुनी नसेल तर मग कोर्ट. ते म्हणाले, जागा करायला बाकीची जुनी कामं पुसून टाकू का. मी म्हटलं, भाऊ, कशालाच हात लावू नका, आम्ही येतो.

सकाळी निघालो. चांदवडच्या पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांमागून हळूहळू जावं लागलं. अनघाने वाटेत एकदाच विचारलं, "ताई, हे यांच्या कोडमुळे झालं असेल का?" मला माहीत नव्हतं. तिचा चेहरा बघून मी म्हटलं, नसेल. 

वर खोलीत गेल्यावर मी नेहमीसारखं आधी सगळं ऐकून घेतलं. झालं होतं ते असं. पेटी शंभरात सत्तर भरली तेव्हा दादाजीभाऊंना काळजी वाटली. ते आपल्या पानावर गेले आणि आकडा नऊवर नेला. जागा काही वाढली नाही. वाढणार कशी? आकडा बदलला तरी तो पुढे येणाऱ्या फाइलींना लागतो, आत बसलेल्या जुन्या फाइली तशाच राहतात. हे आपल्याला ठाऊक. पानावर ते कुठेही लिहिलेलं नाही. नऊ आकडे मी भांडून घेतले, ही एक ओळ मात्र ना मला सुचली ना तुम्हाला.

पण दादाजीभाऊ हुशार माणूस. त्यांनी हे आपलं आपण ओळखलं, आणि मग त्यांच्या गावचा माणूसच करेल ते केलं. साठवणीच्या कांदाचाळीतला कांदा खाली काढतात, निवडतात आणि पुन्हा भरतात, तशी त्यांनी पेटी उपसली. सगळी कामं बाहेरच्या डिस्कवर काढली, पेटीतून पुसली आणि पुन्हा एकेक भरायला घेतली, म्हणजे आत जाताना नऊच्या जोराने दाबली जातील. विचार अगदी बरोबर. फक्त पुसलेली फाइल आपली पेटी महिनाभर आत जपून ठेवते, चुकून पुसलं तर मिळावं म्हणून. म्हणजे जुना सत्तरचा माल आतच, वर नवा माल चढतोय. एकोणतीस भरल्यावर पेटी गच्च. भावांची मोजणी अजून आत जायची होती, आणि बाहेरच्या डिस्कवर ती धड आहे की नाही याची भाऊंना खात्री नव्हती.

मी विचारलं, "नऊच का नेला, भाऊ? सात, आठ नाही?"

"नऊ हाय म्हणल्यावर सात कशाला ठेवू, वहिनी? पैसं नऊचं दिलेत ना."

तुम्ही तिथे असता तर माझ्याकडे बघितलं असतंत. नुसतं बघितलं असतंत. मला ते बघणं खोलीत जाणवलं.

मग ते म्हणाले, मी साहेबांना इचारलं होतं बरं का. पेटी बसवायला आले तेव्हाच. एवढे नऊ आकडे कशाला ठेवले, आम्हाला त्यातलं काय कळतं.

"काय म्हणाले?"

"म्हणले, आम्ही लय इचार करून ठेवलेत."

आम्ही. भाऊजी, तुम्ही त्या दिवशी सकाळीच माझ्याशी त्या आकड्यांवरून कडाकडा भांडून देवळ्याला गेला होतात. वहिनींचा हट्ट आहे, असं सहज सांगता आलं असतं. खरंही होतं. तुम्ही म्हणालात, आम्ही. घरात एक शब्द मागे न घेणारा माणूस गिऱ्हाइकासमोर माझं मत आपलं म्हणून सांगून आला आणि मला कधी कळूही दिलं नाही. अनघा खिडकीकडे वळली. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, चला, कामाला लागू.

काम अवघड नव्हतं, काळजीचं होतं. परत भरताना दादाजीभाऊंनी बाहेरच्या डिस्कवरची प्रत ठेवली होती, हे थोर नशीब. अनघाने ती सगळी आतल्या जपलेल्या मालाशी ताडून घेतली, एकही फाइल कमी नाही याची खात्री केली. मी स्वतः भावांची मोजणी उघडून पाहिली. बांध, विहीर, बांधावरचं लिंबाचं झाड, सगळं जागेवर. तेवढं झाल्यावरच आम्ही पेटीला जपलेला जुना माल सोडायला सांगितलं. तो सुटला आणि श्वास मोकळा झाला. आता उरलेली कामं परत भरायची होती, आणि पुन्हा तोच प्रश्न. कोणत्या आकड्यावर?

आणि इथून पुढचं ऐका, कारण हीच बातमी.

मी म्हटलं, वाद घालत बसण्यापेक्षा मोजू. दादाजीभाऊंच्याच फाइली, दादाजीभाऊंचीच पेटी. आधी बिंदूंची एक मोठी यादी घेतली. शंभराची ती एकवर चोवीस झाली, तीनवर एकवीस. नऊवर? वीस. भाऊजी, वीस! तीनपासून नऊपर्यंत जायचं आणि मिळवायचं काय, तर शंभरात एक. आणि त्यासाठी वेळ? तीनवर काम झालं तेव्हा इंदूबाईंनी नुकता चहा ठेवला होता. नऊवर झालं तेव्हा चहा पिऊन, कप धुऊन, दादाजीभाऊ दोन फोन घेऊन परत आले होते. फोटो घेतले. एकवर नव्याण्णव, तीनवर नव्याण्णव, नऊवरही नव्याण्णव. पिळलेलं धुणं. आणि तुमची पेटी किती शहाणी! अनघाने मला दाखवलं, पेटी फोटोचा थोडासा भाग दाबून बघते, पाणी निघत नाही म्हटल्यावर पुढचा तसाच सोडते. आत काय आहे ते बघतेच की ती. तुम्ही हे कधी केलंत? कुकरच्या आधी की नंतर? हाच तुमचा नवा मुद्दा होता का?

मी खुर्चीत मागे टेकले. मी हरले होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. मी अनघाला म्हटलं, पाठव भाऊजींचं एका ओळीचं पान.

तेवढ्यात इंदूबाई बोलल्या. कार्यालयाचं रोजचं सगळं त्याच बघतात, तोपर्यंत दाराशी उभं राहून आमची गंमत बघत होत्या. त्यांनी आधी नवऱ्याला अहिराणीत विचारलं, "यामा काय शे इतलं?", यात एवढं काय आहे म्हणून. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ताई, एक सांगू का. ड्रोन उतरला की ह्यांना फाइली लगेच पाहिजेत, तेव्हा पेटीनं जागा वाचवत बसू नये. पण काम देऊन टाकलं, पैसे आले, की मग तीच फाइल वर्ष वर्ष कुणी बघत नाही. ती खुशाल बारीक घडी घालून ठेवा. लागेल तेव्हा निघाली म्हणजे झालं.

"पण कुठलं काम संपलं, हे पेटीला कसं कळणार?" अनघाने विचारलं.

"पेटीला नाही कळायचं. मला कळतं ना."

भाऊजी, मी उडालेच. कुकरच्या वेळी मला जे उत्तर सापडलं नव्हतं ते या बाईंनी उभ्या उभ्या दिलं. आत काय आहे ते पेटी बघू शकते, तुमचंच खरं. पण त्याचं पुढे काय करायचंय, ते कधी लागणार आहे, हे फक्त मालकाला माहीत असतं. ते त्यालाच विचारायला हवं. आकड्यात नाही, त्याच्या भाषेत. मी नऊ खटके मागत होते कारण मला दोन शब्द सापडले नव्हते. आणि तुम्ही सगळे खटके काढत होता, कारण मी मागत होते ते आकडे कोणालाच नको होते. तुमचंही बरोबर, माझंही. एवढं भांडलो आणि दोघांनी एकमेकांची अर्धीच बाजू ऐकली.

अनघाने तिथेच बसून पान बदललं. आता प्रत्येक फोल्डरला पेटी एकच प्रश्न विचारते: हे रोजचं की ठेवणीतलं? रोजचं असेल तर झटपट, ठेवणीतलं असेल तर घट्ट. काही सांगितलं नाही तर रोजचं. खाली बारीक अक्षरांत ती राहून गेलेली ओळ: "बदल केल्यावर आधीच्या फाइली आपोआप बदलणार नाहीत. त्या बदलायच्या असतील तर इथे दाबा, पेटी जागा बघून स्वतः बदलेल." ती ओळ मी सांगितली, शब्द न् शब्द.

इंदूबाईंनी सगळी जुनी कामं एकेक करून ठेवणीत टाकली. साड्या लावतात तशी. भावांच्या मोजणीपाशी थांबल्या, म्हणाल्या, ही उद्यापर्यंत रोजची. दादाजीभाऊंनी विचारलं, मग माझे नऊचे पैसे गेले का. इंदूबाई म्हणाल्या, "नऊचे देऊन दोनचं डोकं वापरायला लागलात, फायद्यात आहात."

पेटीतली शिल्लक जागा, निघताना, शंभरात चौतीस.

आज सोमवार. दुपारी दादाजीभाऊंचा फोन आला. दोन्ही मोजण्या एकावर एक ठेवल्या, बांध जिथल्या तिथे. दोघा भावांनी ते पडद्यावर बघितलं, मग धाकटा म्हणाला, चहा तरी घेऊ. मोठा म्हणाला, घे. एवढंच. पण एका बाकावर बसून घेतला.

मी ते तुमच्या दादांना सांगितलं. ते उठले, तुमच्या खुर्चीवरचा लॅपटॉप बाजूला केला आणि अनघाला म्हणाले, बस इथे, कंबर दुखत असेल तुझी. तिने तिथूनच नवी आवृत्ती पाठवली. मी मागे उभी होते. हॉलमधून पंख्याचा आवाज येत होता, पाचावर. मी जाऊन तो तीनवर केला. सांगायला तुम्ही नव्हता, म्हणून लिहिलं.

हिशेब मिटवते. तुम्ही एक मागत होता, मी नऊ. उरले दोन. म्हणजे एक तुम्ही सोडलात आणि सात मी. तुमचा एक अनघाने तुमच्या वतीने दिला, मी जपून घेतला. माझे सात आज संध्याकाळी हे पत्र लिहून चुकते केले. कोणाला, तर तुम्हालाच, विवेक भाऊजी.